छायाचित्रातली सावली

मराठी नियतकालिकांत फोटोखाली बारीक अक्षरांत ‘छाया’ असे लिहून पुढे छायाचित्रकाराचे नाव देण्याची पद्धत आहे. घरगुती आल्बममध्ये ते नाव नसते. फोटोमागे पेन्सिलीने कोण कुठे उभे आहे ते लिहिलेले असते. फोटो कोणी काढला हे क्वचितच. पण कधी कधी ती व्यक्ती अक्षरशः छायेच्या रूपाने फोटोत उतरलेली दिसते. समोरच्या माणसांच्या पायांशी तिची सावली येऊन टेकलेली असते. जुने आल्बम मी या सावल्यांसाठी चाळते.

सावलीशी या कलेचे नाते जन्मापासूनचे. 1839च्या जानेवारीत विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला शोध मांडला, तेव्हा निबंधातल्या एका भागाला ‘सावली पक्की करण्याची कला’ अशा अर्थाचे शीर्षक दिले होते. हौशी माणसाची स्वतःची सावली फोटोत शिरायला मोकळी वाट मिळाली ती मात्र पुढे, स्वस्त कॅमेऱ्यांमुळे. 1900 साली कोडॅकने एक डॉलरला ‘ब्राउनी’ विकायला काढला. साधे भिंग, साधे शटर आणि मंद फिल्म. लख्ख उन्हाशिवाय चित्र नीट उमटायचे नाही. म्हणून नवशिक्याला पहिला धडा मिळे, सूर्य पाठीशी ठेवा. सकाळी किंवा उतरत्या उन्हात हा धडा इमानाने गिरवला की आपली सावली पुढ्यात पडणारच! आणि दुसरा धडा असा, की फोटोत आपली सावली येऊ देऊ नका.

चूक म्हणून हिणवलेली ही सावली पुष्कळ काही सांगते. ती माणसाच्या उंचीपेक्षा लांब असेल तर सूर्य पंचेचाळीस अंशांच्या खाली आहे. डबा-कॅमेरा पोटाशी धरून वरून आत पाहावे लागे, त्यामुळे सावलीतले डोके किंचित झुकलेले आणि दोन्ही कोपरे घंगाळ्याच्या कानांसारखी बाहेर आलेली असतात. डोळ्याला लावायचा कॅमेरा असेल तर कोपरे वर चढतात, मान दिसेनाशी होते. आमच्या घरच्या आल्बमबद्दल, सगळे फोटो आजोबांचे, असेच सांगितले जाई. त्यात समुद्रकाठी ओळीने उभ्या केलेल्या पोरांचा एक फोटो आहे. वाळूवर पडलेल्या सावलीला अंबाडा आहे आणि वाऱ्याने उडालेला पदर. घरातल्या कुठल्या बाईने तो काढला, हे सांगणारे आता कोणी नाही. पण कॅमेरा बायकांच्या हातीही होता, एवढे त्या वाळूवर उमटलेले आहे.

सावली बहुधा नकळत येते, आरशातले प्रतिबिंब बहुधा ठरवून. तिथेही यंत्राचा हात असतो. इल्से बिंगने 1931 साली लायका घेऊन काढलेल्या स्वतःच्या प्रसिद्ध चित्रात दोन आरसे आहेत. समोरच्यात कॅमेऱ्याआडचा चेहरा आणि बाजूच्यात तीच एका अंगाने दिसते. व्हिव्हियन मायरला दुसऱ्या आरशाची गरज नव्हती. तिचा रोलायफ्लेक्स पोटाशी असे, चेहरा मोकळा राही. शिकागोत मुले सांभाळण्याची नोकरी करणारी ही बाई दुकानांच्या काचांत, आरशांत स्वतःला टिपत राहिली, आणि गवतावर, फुटपाथवर पडलेली आपली टोपीवाली सावलीही. 2007 साली भाडे थकलेल्या गोदामातले तिचे सामान लिलावात निघाले आणि तिचा ठेवा बाहेर आला. निगेटिव्ह एक लाखाहून जास्त! 2009 साली ती वारली, तेव्हा तिचे नाव जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हते. तिला केवळ आत्ममग्न म्हणणे मला पटत नाही. दुसऱ्यांच्या घरात आयुष्य काढणाऱ्या बाईने ‘मी इथे होते’ याची नोंद स्वतःपुरती ठेवली, असे मला वाटते.

ली फ्रीडलँडरने 1970 साली ‘सेल्फ पोर्ट्रेट’ या पुस्तकात हीच ‘चूक’ मुद्दाम केली. पुढे चाललेल्या बाईच्या फरकोटावर पडलेली त्याच्या डोक्याची सावली पाहताना हसू येते आणि थोडी भीतीही वाटते.

आता जुने फोटो स्कॅन करून घेताना दुकानदार आपणहून विचारतो, “खालची सावली काढून टाकू का?” बोट फिरवले की ती पुसली जाते. समुद्रकाठच्या आमच्या फोटोची मोठी प्रत चुलतभावाच्या दिवाणखान्यात लावलेली आहे. तीत पोरांच्या पुढची वाळू अगदी स्वच्छ आहे.