करारनामा, चौकीदार आणि सुईण : धोक्यातलं मूल कोणाला दिसतं?

बडोद्याचा इतिहास वाचणाऱ्याला कर्नल अलेक्झांडर वॉकर हे नाव नवं नाही. १८०२ ते १८०९ या काळात तो गायकवाड दरबारी कंपनीचा रेसिडेंट होता. १८०७-०८ च्या मोहिमेत त्याने काठियावाडातल्या संस्थानिकांच्या खंडणीचा बंदोबस्त लावला, त्यालाच आपण ‘वॉकर सेटलमेंट’ म्हणतो. खंडणीच्या आकड्यांवर भरपूर लिहिलं गेलं आहे. पण त्याच मोहिमेत वॉकरने आणखी एक काम हाती घेतलं होतं, ते म्हणजे जाडेजा राजपुतांमधली मुलींना जन्मतःच मारण्याची चाल बंद पाडणं. त्या कामाची एकच बाजू इथे बघू. चार भिंतींच्या आत एखादं मूल धोक्यात आहे हे बाहेर कळायचं कसं, आणि ते कळवायचं कोणी?

आधी थोडी पार्श्वभूमी. कच्छ आणि काठियावाडात जाडेजांची सत्ता पसरलेली होती. आपल्याच कुळात मुलगी देता येत नाही, बाहेर बरोबरीचं किंवा वरचं घराणं शोधायचं तर हुंडा आणि लग्नखर्च झेपत नाही, आणि मुलगी बिनलग्नाची ठेवणं म्हणजे अब्रू गेली. या कोंडीतून ही चाल रुजली. गुजरातीत ‘दूधपीती’ हा शब्द आजही माहीत असतो. मूल जन्मलं की तासाभराच्या आत, जनानखान्यात, घरातल्या बायकांच्याच हातून सगळं संपायचं. मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर जोनाथन डंकन बनारसला रेसिडेंट असताना, १७८९ मध्ये, तिथल्या राजकुमार राजपुतांकडून त्याने असंच वचन लिहून घेतलं होतं. तोच मार्ग त्याने वॉकरला दाखवला.

वॉकरने शास्त्रांचा आधार काढला. १८०८ मध्ये जाडेजा सरदारांकडून जो करार लिहून घेतला, त्यात कंपनीच्या जोडीला आनंदराव गायकवाड सेनाखासखेल समशेरबहादूर यांचं नाव आहे. ब्रह्मवैवर्त पुराणाचा दाखला आहे, आणि कोणी वचन मोडलं तर त्याला जातीबाहेर टाकावं, दोन्ही सरकारं देतील ती शिक्षा त्याने भोगावी, असंही कलम आहे. म्हणजे हा कागद जितका कंपनीचा, तितकाच बडोद्याचा. मराठी वाचकाने हे लक्षात ठेवायला हवं.

१८०९ मध्ये वॉकर पुन्हा काठियावाडात गेला, तेव्हा काही जाडेजांनी वाचवलेल्या आपल्या मुली त्याच्या तळावर आणून दाखवल्या. हा प्रसंग बहुतेक पुस्तकांत मोठ्या कौतुकाने येतो. तो खरा आहे आणि हृद्यही आहे. पण जरा थांबून विचार करू. तळावर आल्या त्या वाचलेल्या मुली. ज्या वाचल्या नाहीत त्यांची बातमी आणणारं कोणीच नव्हतं. करारात वचन होतं, शास्त्र होतं, शिक्षा होती. अमुक घरात बाळंतपण आहे, तिथे लक्ष ठेवा, काही विपरीत वाटलं तर अमक्याला कळवा, ही व्यवस्था मात्र नव्हती. वॉकर निघून गेला आणि पुढच्या सात-आठ वर्षांत कोणी फारसं विचारलंही नाही. १८१७ च्या सुमाराला मोजदाद झाली, तेव्हा करारानंतर जन्मून हयात असलेल्या जाडेजा मुली साऱ्या काठियावाडात मिळून साठीच्या घरात भरल्या.

मग उपाय सुचवले गेले. माणसं नेमा, बातमी देणाऱ्याला बक्षीस द्या. यावर १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला गव्हर्नर एल्फिन्स्टनने जी हरकत घेतली, ती मला महत्त्वाची वाटते. त्याचा मुद्दा असा की अशा खबऱ्यांना लोकांच्या जनानखान्यापर्यंत शिरावं लागेल, आणि खोट्या तक्रारी, खंडणी, सूड यांना रान मोकळं होईल. त्याऐवजी १८२५ मध्ये एक फंड निघाला. दंडाची आणि तत्सम रक्कम त्यात जमा करायची, आणि मुली वाढवणाऱ्या जाडेजांना लग्नासाठी त्यातून मदत द्यायची. रोगाच्या मुळाशी पैसा होता, म्हणून हा उपाय शहाणपणाचा होता. पण ‘कळायचं कसं’ हा प्रश्न तिथेच राहिला.

१८३४ मध्ये पोलिटिकल एजंट विलोबीने तो पुन्हा उचलला. जाडेजा कुटुंबांची मुलगा-मुलगीवार मोजणी सुरू झाली. खबर देणाऱ्याला इनाम आलं, दोषी सरदारांवर खटले चालले. मोजणीचा फायदा असा की एकेका घराकडे बोट न दाखवताही गावागावातली तफावत कागदावर दिसायला लागली. पुढे सरकारने या विषयावर निबंध मागवले, तेव्हा बक्षीस मिळवणाऱ्यांत एक तरुण होते भाऊ दाजी लाड, गोव्यातल्या मांद्रे गावी जन्मलेले. डॉक्टर आणि प्राच्यविद्या संशोधक म्हणून आपण त्यांना ओळखतो, ते त्यानंतरचं.

यापुढचा मोठा प्रयोग काठियावाडात नाही, उत्तरेत झाला. वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब इथेही ही चाल होती. तिच्यासाठी १८७० चा आठवा कायदा झाला. संशयित गावांत जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद ठेवायची, आणि ही माहिती कोणी, कशी द्यायची याचे नियम सरकारने करायचे, अशी त्यात तरतूद होती. मुलीच्या पोषणाची हेळसांड होत असेल तर मॅजिस्ट्रेटला दखल घेता येत होती. म्हणजे मूल मेल्यावर नाही, आधीच. नियमांत ही जबाबदारी आली गावच्या चौकीदारावर आणि सुईणीवर.

कागदावर योजना पक्की होती. सुईण तर बाळंतिणीच्या खोलीतच असते. पण चौकीदाराचं पोट जमीनदाराच्या मर्जीवर, आणि सुईणीचं लुगडं-धान्य त्याच घरातून. ज्याच्याबद्दल कळवायचं त्याच्याच दारात उद्या उभं राहायचं. काय बघायचं हे त्यांना सांगितलं गेलं. कळवल्यावर त्यांच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे मात्र कोणी सांगितलं नाही. उलट, कळवलं नाही तर शिक्षा. मग नोंदवहीत ‘तापाने मृत्यू’ लिहिणं सगळ्यांनाच सोयीचं.

मी मूळचा कारखान्यातला माणूस. कारखान्यात थोडक्यात टळलेला अपघात, म्हणजे ‘नियर मिस’, कामगाराने कळवावा अशी पद्धत असते. ती चालते कधी? काय कळवायचं हे ठाऊक असेल, कोणाला कळवायचं हे ठाऊक असेल, आणि कळवल्यावर आपल्याच मानेवर येणार नाही याची खात्री असेल तर. तिन्हीपैकी एक जरी नसलं तरी रजिस्टर कोरं राहतं, आणि कोऱ्या रजिस्टरला वरचे लोक ‘सुरक्षितता’ समजतात. वॉकरच्या योजनेत तिन्ही नव्हती. विलोबीने दुसरं आणलं, १८७० च्या नियमांनी पहिली दोन. तिसरं राहून गेलं.

आजच्या कायद्याकडे या नजरेने बघितलं की त्यातली कलमं नुसती कलमं वाटत नाहीत. १९९६ मध्ये मुंबईत चाइल्डलाइन सुरू झाली. १०९८ हा नंबर म्हणजे ‘कोणाला कळवायचं’ याचं सरळ उत्तर. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येकावर कळवण्याचं बंधन घातलं, आणि सद्‌भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी कारवाई होणार नाही असंही त्याच कलमात लिहिलं. सुईणीला न मिळालेलं संरक्षण ते हेच. २०२० च्या नियमांनी मुलांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना, कायम असोत की कंत्राटी, वेळोवेळी प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. शाळेची बस चालवणारा, वसतिगृहातली मावशी, अंगणवाडीताई ही आजची सुईण आणि चौकीदार. त्यांची नोकरीही बहुतेक वेळा स्थानिक माणसांच्या मर्जीवरच असते. त्यामुळे प्रशिक्षण म्हणजे एका दुपारचं भाषण आणि हजेरीपटावर सही एवढंच झालं, तर आपण १८७० मध्येच आहोत.

आपल्या मंडळींना एक विनंती. जुनी दप्तरं, गॅझेटियरं चाळताना करार कोणी केला, कायदा कोणी आणला हे आपण टिपून ठेवतोच. त्याबरोबर बातमी कोणी दिली आणि दिल्यावर त्याचं काय झालं, हेही शोधा. सुईण, चौकीदार, तलाठी यांची नावं बहुधा मिळणार नाहीत. पण हुकुमांच्या समासात, दंडाच्या याद्यांत त्यांचा माग लागू शकतो. कायदा चालला की नाही हे त्या ओळींवरून कळतं.