डार्विनच्या मक्याच्या जोड्या

परपरागित बीजाचे रोप स्वपरागिताहून उंच होते काय? चार्ल्स डार्विनने मक्याच्या पंधरा जोड्या लावल्या. जोडीतील दोन्ही रोपे एकाच कुंडीत, म्हणजे माती-पाण्याचा भेद उरू नये. हे आकडे १८७६ च्या ग्रंथात आले. मात्र ते तपासताना त्याचा आप्त गाल्टन याने रोपे उंचीच्या क्रमाने मांडली आणि जोड्याच मोडल्या! एवढ्या दक्षतेने साधलेले तेथे वाया गेले.

रोनाल्ड फिशरने १९३५ साली प्रत्येक जोडीतील फरक घेतला. सरासरी सुमारे २.६ इंच. त्याच फरकांवरून शेकडा ९५ विश्वासाच्या मर्यादा काढल्या, तर वरची सव्वापाच इंचांच्या आसपास, खालची शून्याहून केसभर वर. ‘फरक नाहीच’ हे गृहीत मर्यादेबाहेर पडते खरे, पण जेमतेम. दोन जोड्यांत तर स्वपरागित रोपच उंच होते.