गवयाच्या चरितार्थाची कथा

संगीतावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. कोणाचा गंधार कसा लागे, कोणाची तान किती पल्ल्याची होती, कोणत्या घराण्यानें कोणता राग जतन केला, याची चर्चा रसिक मंडळी रात्र रात्र करितात. परंतु हा गंधार लावणारा मनुष्य सकाळीं काय खात होता, त्याच्या मुलांच्या अंगावर वस्त्र कोठून येई, आणि आवाज बसल्यावर त्याला कोण विचारी, हा प्रश्न मात्र अरसिकपणाचा मानला जातो. माझ्या मतें हा प्रश्न टाळल्यामुळेंच आपल्या संगीताचा गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास अर्धा राहिला आहे. गवयाला भाकरी कोण देतो यावर तो किती वेळ गातो, कोणापुढें गातो, कोणाला शिकवितो आणि कोणाला शिकवीत नाहीं, हें पुष्कळ अंशीं ठरत आलें आहे.

ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रांत रुजविण्याचें श्रेय ज्यांना दिलें जातें ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांच्यापासून आरंभ करणें सोयीचें आहे. त्यांच्या काळीं विद्या विकत मिळत नसे. ती सेवेनें मिळे. गुरूच्या घरचें पाणी भरावें, बाजार करावा, आणि गुरूची लहर लागेल तेव्हां चार अक्षरें पदरांत पाडून घ्यावीं, हा क्रम. रामकृष्णबुवा वझे यांनीं आपली हकीकत स्वतःच लिहून ठेविली आहे. सावंतवाडी संस्थानांतल्या वझरें गांवचा हा दरिद्री मुलगा बहुतेक पायींच उत्तरेस गेला आणि ग्वाल्हेरीस निसार हुसेन खांसाहेबांच्या पायाशीं बसला. पोटाची सोय अन्नछत्रांत. ही कथा वाचतांना आपण त्या निष्ठेचें कौतुक करितों, तें योग्यच आहे. परंतु जे अर्ध्या वाटेवरून परत फिरले, ज्यांना सेवा करूनही कांहीं मिळालें नाहीं, त्यांनीं आपल्या हकीकती लिहिल्या नाहींत हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

राजाश्रय गेला आणि कला उतरणीस लागली, असें एक वाक्य आपल्यांत रूढ आहे. तें जितकें सुंदर आहे तितकें खरें नाहीं. दरबारांत गवयाला वेतन होतें, मान होता, घोड्यावरचा शिरपाव होता. पण मालकाची लहरही होती. अल्लादिया खांसाहेबांचें उदाहरण या दृष्टीनें फार बोलकें आहे. यांचा जन्म १८५५ सालीं जयपूरकडील उणियारा येथें झाला. तरुणपणीं त्यांचा आवाज मोठा गोड व चढा होता. आमलेटा नांवाच्या एका लहानशा संस्थानांत ते असतां तेथील अधिपतींना गाण्याचें इतकें वेड कीं, खांसाहेबांना दिवसेंदिवस तासच्या तास गावें लागे. त्या अतिरेकानें आवाज गेला. कित्येक महिने गळ्यांतून स्वर फुटेना. आणि पुढें आला तो पूर्वीचा आवाज नव्हताच, जाड आणि बोजड असा दुसराच होता. त्या नव्या आवाजाला साजेल अशी, वक्र आणि अखंड तानांची, लयीला घट्ट धरून चालणारी गायकी त्यांनीं मेहनतीनें घडविली. आज आपण जिला जयपूर घराणें म्हणून गौरवितों ती गायकी अशी एका रसिक धन्याच्या अमर्याद हौसेंतून, तिनें केलेल्या नाशानंतर, उभी राहिलेली आहे. राजाश्रयाचें हें देणें मानावें कीं घेणें, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

पुढें कोल्हापुरास शाहू महाराजांच्या पदरीं खांसाहेबांना स्वास्थ्य मिळालें. तेथें त्यांचीं मुलें वाढलीं, शिष्य आले, घराण्याला घर मिळालें. परंतु ६ मे १९२२ रोजीं महाराज निवर्तले आणि सदुसष्टीच्या घरांतल्या या वृद्ध गवयाला मुंबईची वाट धरावी लागली. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं एप्रिलांत पुण्यांत भास्करबुवा बखले वारले होते. एका महिन्याच्या आंत महाराष्ट्रांतल्या गाण्याचा एक मोठा आश्रयदाता आणि एक मोठा गवई असे दोघेही गेले.

भास्करबुवांचें आयुष्य म्हणजे गवयाच्या पोटाचा दुसरा मार्ग, तो रंगभूमीचा. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' पुण्यास रंगभूमीवर आलें आणि मराठी मुलाला गळ्याच्या जोरावर दरमहाचा पगार मिळण्याची सोय प्रथमच झाली. भास्करबुवा पोरवयांत किर्लोस्कर मंडळींत शिरले ते याच वाटेनें. परंतु नाटक मंडळीचा पगार गळ्याला असतो, माणसाला नव्हे. वयांत येतांच आवाज फुटला आणि कालचा लाडका नट आज अडगळींत पडला. सामान्य मनुष्य येथें संपला असता. हे बडोद्यास फैज महंमद खांसाहेबांकडे गेले, नंतर आग्र्याच्या नत्थन खांसाहेबांचे झाले, आणि नांव मिळविल्यानंतरही अल्लादिया खांसाहेबांपुढें पुन्हां शिष्य म्हणून बसले. तीन घराण्यांचें गाणें असें पचवून ते ज्या रंगभूमीनें त्यांना टाकून दिलें होतें तिच्याकडेच गुरु म्हणून परतले. १९१६ सालच्या 'स्वयंवर' नाटकांतील चाली त्यांच्या. भीमपलास किंवा यमन यांचें नांवही ज्यांनीं ऐकलें नव्हतें अशा गृहस्थांच्या माजघरांत त्या रागांच्या बंदिशी पदांच्या रूपानें गेल्या, त्या या मार्गानें. नाट्यसंगीतानें ख्याल बाटविला म्हणणाऱ्या सोवळ्या मंडळींनीं याचा विचार करावा. ख्यालाच्या बैठकीला जो श्रोता पुढें मिळाला, त्याचे कान कोठें तयार झाले होते?

या मार्गाचीही दुसरी बाजू आहे. बालगंधर्वांनीं १९१३ सालीं आपली मंडळी काढली, तिच्या वैभवाच्या कथा सर्वांना पाठ आहेत: भरजरी शालू, अत्तरें, गालिचे. त्या वैभवाखालीं कर्जाचा डोंगर होता. खेळाचें उत्पन्न येई आणि सावकाराच्या घरीं जाई. १९३५ सालीं त्यांनीं 'धर्मात्मा' या बोलपटांत काम केलें, तेव्हां स्त्रीवेषांतून लोकांचीं मनें जिंकणारा हा नट पुरुषभूमिकेंत पडद्यावर दिसला. बोलपटानें नाटकाचा प्रेक्षक नेला, हें झालेंच. पण हिशेबाकडे पाहण्याची संवय कोणी या कलावंतांना लाविली नव्हती, हेंही तितकेंच खरें.

हिशेब मांडण्याचा खरा प्रयत्न केला तो पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं, आणि त्यांचाही हिशेब चुकलाच. १८७२ सालीं कुरुंदवाड येथें एका कीर्तनकाराच्या घरीं यांचा जन्म. लहानपणीं दारू उडवितांना डोळ्यांस इजा झाली, इंग्रजी शाळा सुटली, आणि मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाणें शिकण्यास त्यांना ठेविलें गेलें. मिरजेच्या अधिपतींची त्यांच्यावर मर्जी होती. चरित्रकार एक प्रसंग सांगतात. गांवांत प्रतिष्ठितांचा कांहीं समारंभ होता. विष्णुबुवांना त्याचें आमंत्रण आलें, परंतु त्यांच्या गुरूंना आलें नाहीं. कारण काय, तर ते गवई! ज्या पुरुषाच्या विद्येमुळें मिरजेचें नांव झालें त्याला मिरजेच्या सभेंत बसण्याची योग्यता नव्हती. १८९६ सालीं या तरुणानें मिरज सोडली. काठेवाडांत त्यांनीं तिकीट लावून गाणें केलें असें सांगतात. आज आपणांस यांत कांहींच वाटत नाहीं. परंतु ज्या समाजांत गाणें एक तर धन्याच्या आज्ञेनें होई, नाहीं तर देवळांत फुकट, तेथें अनोळखी लोकांनीं दारांत पैसे मोजून आंत यावें आणि गवयानें त्यांतल्या कोणालाही मुजरा करूं नये, ही गोष्ट लहान नव्हती.

५ मे १९०१ रोजीं लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय उघडलें. लाहोर कां, असा प्रश्न कोणीही करील. त्या शहरीं त्यांना कोणी संस्थानिक नव्हता, जातभाई नव्हते, गुरुबंधु नव्हते. पहिले कित्येक दिवस शिकण्यास कोणीच येईना. बुवा ठरलेल्या वेळीं तंबोरा घेऊन रिकाम्या वर्गांत आपणच गात बसत. पुढें विद्यार्थी आले, मुंबईस १९०८ सालीं शाखा निघाली, स्वरलिपींतलीं पुस्तकें छापलीं गेलीं, वाद्यें तयार करण्याचा कारखानाही जोडला गेला. कांहीं विद्यार्थ्यांकडून नऊ वर्षांचा करार लिहून घेत; त्यांचा अन्नवस्त्राचा भार विद्यालयावर असे आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यांनीं गांवोगांव संगीत शिकवावें अशी अपेक्षा असे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे सर्व या एका माणसाच्या पंक्तीस जेवून वाढले. त्यांतून एक नवा पेशा जन्मला: गायनमास्तर. हा दरबारी गवई नव्हे, नाटकांतला नट नव्हे. हा कोट-टोपी घालून वेळेवर येई, पेटीवर सारेगम घोटवून घेई, दरमहा ठरलेली फी नेई, आणि घरांतल्या मुलींना शिकवूनही त्या घराच्या अब्रूस बाध येत नसे. मोठे गवई निपजविण्यापेक्षां जाणता श्रोतृवर्ग निर्माण करणें हें बुवांना अधिक महत्त्वाचें वाटे. या सरसकट शिक्षणानें गाणें पातळ झालें, ही टीका तेव्हांही झाली. तींत तथ्य नाहीं असें मी म्हणत नाहीं. वर्गांत वीस कंठांनीं एकदम म्हटलेला भूप हा कांहीं रियाजाचा भूप नव्हे.

परंतु या प्रचंड गाड्याला ओढणारा बैल एकच होता. विद्यालयाचा खर्च मुख्यतः बुवांच्या जलशांवर चाले. मुंबईस स्वतःची इमारत उभारण्यासाठीं कर्ज काढलें; जलशांचें उत्पन्न व्याजास पुरेना; बुवांचें चित्त हळूहळू रामभक्तींत रमूं लागलें; आणि १९२४ च्या सुमारास ती इमारत धनकोंनीं लिलावांत काढली. बुवा नाशिकास रामनाम-आधाराश्रमांत राहिले. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं त्यांचा अंत झाला तो मिरजेस, जेथून ते पस्तीस वर्षांपूर्वीं निघाले होते. त्याच वर्षीं शिष्यांनीं एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. इमारत गेली, पण परीक्षा, पुस्तकें आणि मास्तर राहिले. विनायकरावांसारखा शिष्य मध्यें दहा वर्षें गंधर्व नाटक मंडळींत होता. तो १९३२ सालीं रंगभूमि सोडून पुण्यास विद्यालय काढून बसला, यावरून त्या बीजाची जात कळते.

याच काळांत तिसराच एक धनी उत्पन्न झाला, तो म्हणजे ध्वनिमुद्रिका. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांच्या मुद्रिका निघाल्या आणि अवघ्या तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडण्याची नवी कला आली. अब्दुल करीम खांसाहेबांना ती चांगली साधली. पुण्यास १९१३ सालीं त्यांनींही विद्यालय काढलें होतें. परंतु ज्यांनीं त्यांना समोर बसून कधींच ऐकलें नाहीं अशा लाखों लोकांना ते ठाऊक आहेत ते झिंझोटीच्या त्या एका ठुमरीमुळें. उलट अल्लादिया खांसाहेबांनीं यंत्रापुढें गाण्यास अखेरपर्यंत नकार दिला. १९४६ सालीं ते गेले आणि त्यांचा आवाज त्यांच्याबरोबर गेला. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर याही मुद्रिकांविषयीं उदासीनच. पण त्यांची भैरवीची एक मुद्रिका १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेपलीकडे धाडली गेली. १९२७ पासून मुंबईस नभोवाणी आली; तिच्याविषयीं येथें विस्तार करीत नाहीं.

केसरबाईंचा उल्लेख आला, तेव्हां स्त्रियांची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आतांपर्यंत सांगितलेले सर्व मार्ग पुरुषांचे होते. गोमंतकांतल्या कलावंत घराण्यांतील मुलींना गाणें हें परंपरेनें आलेलें. परंतु त्या परंपरेंत आश्रयदाता हा केवळ गाण्याचा धनी नसे. हिराबाई बडोदेकरांनीं तिकीट लावून, थिएटरांत, गृहस्थांच्या कुटुंबांसमोर गाणें सुरू केलें तेव्हां त्या गोष्टीचा अर्थ विष्णु दिगंबरांच्या तिकिटाहूनही खोल होता.

कुर्डीच्या मोगूबाईंची वाट आणखी बिकट. लहानपणीं नाटक मंडळींत काम. आई १९१४ सालीं गेली. सांगलीस असतां त्यांचा रियाज अल्लादिया खांसाहेबांच्या कानीं पडला आणि खांसाहेबांनीं आपण होऊन तालीम सुरू केली. पुढें मुंबईस ही तालीम तुटली. इतर शिष्यांच्या श्रीमंत आश्रयदात्यांच्या आग्रहामुळें ती तुटली असें सांगतात. वृद्ध गुरूची भाकरी ज्यांच्या हातीं होती, त्यांच्या शब्दापुढें गुरूचेंही चालेना. मोगूबाई आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकल्या, हैदर खांसाहेबांकडे शिकल्या, आणि १९३४ सालीं अल्लादिया खांसाहेबांनीं त्यांना रीतसर गंडा बांधला. पांच वर्षांनीं पति वारले. तीन मुलें पदरीं. शिकवण्या आणि मिळतील ते जलसे यांवर त्यांनीं संसार चालविला आणि गाण्यांत तडजोड म्हणून केली नाहीं.

त्यांची थोरली कन्या किशोरी आमोणकर. या बाईंच्या तऱ्हेवाईकपणाच्या गोष्टी रसिकांनीं चवीनें सांगितल्या आहेत: बिदागी आधीं ठरविल्याशिवाय येत नसत, उतरण्याची जागा मनासारखी लागे, श्रोते बोलूं लागले तर गाणें थांबवीत. त्यांनींच मुलाखतींतून सांगितलें आहे कीं, आईबरोबर तानपुऱ्यावर जात असतां हलक्या वर्गांतून प्रवास करावा लागे, उतरायला कोणाच्या तरी घरांतली जागा मिळे, आणि गाणें झाल्यावर हातीं पडे ती रक्कम अल्प असे. आपण गाऊं लागलों तर असें होऊं द्यावयाचें नाहीं, हें त्या मुलीनें तानपुरा धरून मागें बसल्या बसल्याच ठरविलें होतें.