प्रथम वर्ग मुंबईपर्यंतच!

जालन्याहून बियाणे किंवा पोलादाच्या कामासाठी चार-पाच दिवस परदेशी जायचे आणि परतताना, शिल्लक राहिलेल्या मैलांच्या जोरावर म्हणा किंवा हौसेपोटी म्हणा, विमानाच्या प्रथम वर्गाचे तिकीट घ्यायचे, असा विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. हा वर्ग मुंबईत संपतो. जालना जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. जवळचा विमानतळ छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाणा येथे आहे, आणि तेथे येणाऱ्या देशांतर्गत विमानांत प्रथम वर्ग नसतो.

मुळात 'प्रथम वर्ग' ही संज्ञा तुलनेने अलीकडची. एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले, तेव्हा त्या 'मलबार प्रिन्सेस'मध्ये वर्गांचा प्रश्नच नव्हता. जो बसला तो श्रीमंतच होता. मे १९५२ पासून अटलांटिकवरील उड्डाणांत स्वस्त 'टुरिस्ट' वर्ग सुरू झाला आणि उरलेल्या आसनांना वेगळे नाव देणे भाग पडले. १९७१ मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात जम्बो जेट आले आणि त्याच्या वरच्या मजल्यावर प्रथम वर्गाच्या प्रवाशांसाठी बैठकीचे दालन आले. पुढे बिझनेस क्लासची आसने पूर्ण आडवी होऊ लागली आणि प्रथम वर्गाचे वेगळेपण उणावले. जेट एअरवेजने २००७ मध्ये बोइंग ७७७ विमानांत दार लावता येणाऱ्या खोल्या आणल्या. ती कंपनी १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली. त्याआधी किंगफिशरने देशांतर्गत उड्डाणांतील आपल्या वरच्या वर्गाला 'फर्स्ट' म्हटले होते, पण २०१२ मध्ये तिचीही विमाने जमिनीवर आली. नाव काहीही असो, तो खरे तर बिझनेस क्लासच होता. दुबई-मुंबई मार्गावर एमिरेट्सच्या दुमजली ए-३८० विमानांत मात्र प्रथम वर्गाच्या प्रवाशाला आकाशात अंघोळ करण्याची सोय मिळाली. तीन तासांच्या प्रवासात तिचा उपयोग किती, हा प्रश्न वेगळा.

तिकीट काढताना सर्वाधिक चुका होतात त्या सामानाच्या बाबतीत. आंतरराष्ट्रीय प्रथम वर्गात साधारण ४० ते ५० किलो सामान विनाशुल्क नेता येते. देशांतर्गत विमानात साध्या वर्गाची मर्यादा सहसा १५ किलो असते. परदेशापासून चिकलठाण्यापर्यंतचा प्रवास एकाच तिकिटावर नोंदविलेला असेल, तर सामान्यतः आंतरराष्ट्रीय मर्यादाच शेवटपर्यंत लागू राहते. मुंबईपासूनचे तिकीट स्वतंत्रपणे, स्वस्त दिसले म्हणून, काढलेले असेल तर मुंबईच्या काउंटरवर उरलेल्या प्रत्येक किलोचे पैसे मोजावे लागतात. वरच्या वर्गाचा बोर्डिंग पास दाखवून तेथे काही साधत नाही. दुसरी अडचण याहून मोठी आहे. परदेशातून येणारे विमान उशिरा पोहोचले आणि पुढचे चुकले, तर स्वतंत्र तिकिटाच्या बाबतीत दोन्ही कंपन्या हात वर करतात. एकाच तिकिटावर पुढची सोय करणे ही कंपनीची जबाबदारी ठरते. वरवर महाग वाटणारे सलग तिकीट म्हणूनच अनेकदा स्वस्त पडते.

सामानावर चिकलठाण्याची चिठ्ठी लागलेली असली तरी भारतात पहिल्यांदा जेथे उतरतो तेथे, म्हणजे मुंबईत, ते ताब्यात घेऊन सीमाशुल्क तपासणीतून न्यावे लागते. येथे वर्ग पाहिला जात नाही, मुक्कामाचा कालावधी मात्र पाहिला जातो. सोन्याच्या दागिन्यांवरील शुल्कमाफी एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. चार दिवसांच्या दुबईवारीत घेतलेल्या बांगडीला ती मिळत नाही. असे दागिने लाल मार्गिकेत जाऊन जाहीर करणे आवश्यक आहे. मद्याची दोन लिटरची मर्यादाही सर्व वर्गांना सारखीच आहे.

करातही वर्गाचा फरक पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या वर्गाच्या विमान तिकिटांवर ५ टक्के, तर त्यावरच्या सर्व वर्गांवर १२ ऐवजी १८ टक्के जीएसटी आहे. व्यवसायासाठी प्रवास करणाऱ्यांनी तिकीट काढतानाच कंपनीचा जीएसटी क्रमांक नोंदवावा. बिल एकदा व्यक्तीच्या नावे निघाले की वजावट मिळविण्यासाठी पाठपुरावा करीत बसावे लागते.

आता प्रश्न असा की, तिकीट प्रथम वर्गाचे आणि प्रत्यक्षात बसविले खालच्या वर्गात, तर काय? विमान बदलले, आसन नादुरुस्त निघाले, जादा तिकिटे विकली गेली, अशा कारणांनी हे घडते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२३ पासून त्यासाठी परताव्याचे प्रमाण ठरवून दिले आहे. देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत करायची आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १,५०० ते ३,५०० किलोमीटरपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. दुबई-मुंबई मार्ग मधल्या गटात बसतो, लंडन-मुंबई शेवटच्या. परदेशी कंपनीला मात्र आपल्या देशाच्या नियमांनुसार भरपाई देण्याची मुभा आहे, म्हणून तिकिटावरील अटी वाचलेल्या बऱ्या. प्रवाशाने जुना आणि नवा असे दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवावेत आणि वर्ग कंपनीने बदलला, आपल्या विनंतीवरून नव्हे, हे काउंटरवरच लिहून घ्यावे. घरी पोहोचल्यावर हे सिद्ध करणे कठीण जाते.

मुंबईहून पुढे रेल्वेने यायचे असल्यास ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत नेलेली वंदे भारत एक्स्प्रेस आहे. तिची एक्झिक्युटिव्ह चेअर कार ही घराकडच्या वाटेवरील वरच्या वर्गाची शेवटची खूण म्हणता येईल. गाडी मुंबईहून दुपारी सुटते. आखातातून पहाटे उतरणाऱ्याला मधले काही तास काढावे लागतात. विमानतळावरून सीएसएमटी गाठण्यापेक्षा दादरला गाडी पकडणे सोयीचे. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी भिवंडीजवळील आमणेपर्यंत पूर्ण खुला झाल्याने मोटारीचा पर्यायही आहे. रात्रभर विमानात जागलेल्याने स्वतः गाडी चालवू नये, एवढे पथ्य पाळावे.

चिकलठाण्याला उतरणाऱ्याची एक सोय मात्र आपसूक होते. विमानतळ शहराच्या पूर्वेला, जालना रस्त्यालगतच आहे. जालन्याची गाडी बाहेर उभी असेल, तर शहराच्या वाहतुकीत न शिरता सुमारे ५० किलोमीटरचा राहिलेला रस्ता तासाभरात उरकतो.