नाव तेच, वर्तन वेगळे : मेमकॉपीचा वाद, २०१०-११

१/ २०१० सालचा उत्तरार्ध. फेडोरा १४ या लिनक्स आवृत्तीच्या ६४-बिट संगणकांवर अडोबी फ्लॅशचा आवाज एकाएकी फाटका, खरखरीत येऊ लागला. गंमत अशी की, फ्लॅशच्या फाइलमधला एक बाइटही बदललेला नव्हता. बदलली होती ती तिच्याखालची सी लायब्ररी, जीलिबसी.

२/ आधीच कंपाइल झालेला प्रोग्रॅम आणि लायब्ररी यांच्यात एक करार असतो : फंक्शनची नावे, स्ट्रक्चरमधील घटकांच्या जागा, त्यांचे आकार. यालाच बायनरी इंटरफेस म्हणतात. दोन आवृत्त्यांमधील हा करार ताडून पाहणारी साधने आहेत. परंतु येथे त्यांच्या हाती काहीच लागले नसते. नाव तेच, आकार तेच.

३/ मेमकॉपी हे फंक्शन स्मृतीतील बाइट एका जागेहून दुसरीकडे उतरवते. दोन्ही जागा एकमेकींवर येत असतील तर परिणामाची हमी नाही, तिथे मेममूव्ह वापरावे, असे सी भाषेचे १९८९ चे प्रमाणक स्पष्ट सांगते. फ्लॅशने हा नियम मोडला होता. तरीही नक्कल पुढच्या दिशेने होत असे, तोवर सारे निभावून जाई. नव्या इंटेल प्रोसेसरांसाठी लिहिलेली वेगवान मेमकॉपी मात्र काही वेळा शेवटाकडून मागे येऊ लागली आणि पिंग फुटले.

४/ दोष कोणाचा? प्रमाणकवादी म्हणाले, फ्लॅशचा. खुद्द लिनस टॉरव्हाल्ड्स या वादात उतरले : काल चालणारी गोष्ट आज बंद पडली, तर प्रमाणकाचा हवाला वापरकर्त्याच्या काय कामाचा? मला त्यांचेच म्हणणे पटते. कायद्याने मात्र पहिला पक्ष बरोबर होता.

५/ तोडगा २०११ मध्ये, जीलिबसी २.१४ सोबत आला. नावांवर आवृत्तीची चिठ्ठी लावण्याची युक्ती सनच्या सोलारिसमध्ये पूर्वीच रुजली होती; एकाच नावाच्या अनेक आवृत्त्या ठेवण्याची सोय ही ग्नूची भर. त्यानुसार २.२.५ ची चिठ्ठी असलेल्या जुन्या प्रोग्रॅमांना मेममूव्हचे सुरक्षित वर्तन मिळाले. नव्याने जोडल्या जाणाऱ्यांना २.१४ ची मेमकॉपी.

६/ याची किंमत उलट्या दिशेने मोजावी लागली. नव्या संगणकावर बांधलेला प्रोग्रॅम जुन्या सर्व्हरवर नेला की ‘जीलिबसी_२.१४ सापडले नाही’ म्हणून अडून बसे. कित्येकदा केवळ या एका फंक्शनपायी. म्हणूनच सर्वत्र चालावे असे सॉफ्टवेअर बांधणारे लोक आजही मुद्दाम जुनी लिनक्स आवृत्ती जपून ठेवतात.