गुठळी आणि कर्करोग : एका आशेचा इतिहास

आपल्या ज्येष्ठ सभासदांपैकी कित्येकांच्या औषधांच्या डबीत ‘रक्त पातळ करणारी’ गोळी असते. खरे तर तिने रक्त पातळ होत नाही, ते गोठायला वेळ लागतो एवढेच. अशा औषधांनी कर्करोगही हटतो, असे अधूनमधून आमच्या कानावर येते. ही समजूत आली कुठून?

सुरुवात पॅरिसची. आर्मां त्रूसो या नामांकित डॉक्टरांनी १८६५ साली व्याख्यानांत सांगितले, की शिरेत विनाकारण गुठळी झाली तर शरीरात कुठेतरी कर्करोग दडलेला असू शकतो. पुढे त्यांच्याच अंगात तशी गुठळी झाली. त्यांनी ओळखायचे ते ओळखले, आणि जून १८६७ मध्ये जठराच्या कर्करोगाने ते गेले.

गोळी मात्र आली गोठ्यातून! उत्तर अमेरिकेत १९२० नंतर बुरशी लागलेला ‘स्वीट क्लोव्हर’ चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ साली विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताचा डबा घेऊन, हिमवादळातून वाट काढत, रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. त्या धाग्यावरून पुढे वॉरफरिन तयार झाले. आधी ते उंदीर मारायला विकले गेले. १९५५ साली तेच राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकारासाठी दिले गेले. हेपारिनचे इंजेक्शन यापेक्षा जुने. त्याचा शोध १९१६ चा, कुत्र्याच्या यकृतातून लागलेला.

१९८१ साली अमेरिकेत फुफ्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगात वॉरफरिन घेणारे रुग्ण सुमारे ५० आठवडे जगले, न घेणारे २३. आशा पालवली ती इथे. पण रुग्ण होते अवघे ५०! १९८४ च्या अहवालात इतर कर्करोगांत तसा लाभ दिसला नाही.

२००३ च्या चाचणीत कर्करोगाच्या ज्या रुग्णांना गुठळी झाली होती, त्यांच्यात सहा महिन्यांत पुन्हा गुठळी होण्याचे प्रमाण गोळ्यांवर सुमारे १७ टक्के होते. डाल्टेपारिन या हेपारिनच्या प्रकारावर ९. हा लाभ पक्का. आयुष्य वाढते का, हे फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या २,२०२ रुग्णांत तपासले गेले. २०१६ साली उत्तर आले : गुठळ्या कमी झाल्या, आयुष्य वाढले नाही, रक्तस्राव मात्र वाढला. म्हणून आज डॉक्टर हे औषध देतात ते गुठळीसाठी, कर्करोगावर नव्हे.