शेगड्याचे गाल

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, पुढे भोसरीच्या रानात शेड उभ्या राहिल्या. माझे वडील सुतार, नांगर-कुळव करणारे. लाकूड त्यांनी जन्मभर पायानं दाबून धरलं. मी फाउंड्रीसाठी सागवानी पॅटर्न करू लागलो आणि हाती लाकूड आवळून धरणारा लोखंडी शेगडा आला. पहिल्याच दिवशी त्यानं सागावर दात उमटवले. असा वण पॅटर्नवरून वाळूच्या साच्यात उतरतो, तिथून ओतलेल्या बिडावर. उस्तादांनी सांगितलं, अस्तर लाकडाहून मऊ हवं. मग शेगड्याच्या जबड्यांवर स्क्रूनं प्लायचे गाल बसवले, त्यांवर चामडं चिकटवलं, खरखरीत बाजू बाहेर. स्क्रूची डोकी खोल बुडवली. तेलकट चामडं टाळलं, डाग पडतो. आता बरेच पॅटर्न सीएनसी यंत्रावर होतात. माझ्या शेगड्याचे गाल मात्र अजून चामड्याचेच.